अंबड : निवडणुका व मतदानपद्धती

नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीतील अंबड या औद्योगिक उपनगराचे मतदार ज्या भिन्न रीतींनी लोकप्रतिनिधी निवडतात, ती व्यवस्था. 1982 मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. 74व्या घटनादुरुस्तीनंतर तिच्या निवडणुकांचा कारभार राज्य निवडणूक आयोगाकडे गेला (पहा : स्थानिक स्वराज्य). लोकसभेच्या नाशिक व विधानसभेच्या नाशिक पश्चिम मतदारसंघांत एकच मत देऊन सर्वाधिक मते मिळविणारा विजयी ठरविणारा हाच मतदार, 2017 मध्ये 31 बहुसदस्यीय प्रभागांतून 122 नगरसेवक निवडले गेले तेव्हा, आपल्या प्रभागातील प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मत देण्यास पात्र होता. विधान परिषदेच्या पदवीधर व शिक्षक मतदारसंघांत पसंतिक्रम नोंदविला जातो (पहा : एकल संक्रमणीय मत). प्रातिनिधिक समतेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची तरतूद महानगरपालिकेतच आढळते : तेथील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असतात.