रायखेनबाखची पावले

पडद्यावरच्या डिटेक्टिव्ह-कथेत बुद्धीचे काम मागे पडते आणि हाणामारी पुढे सरसावते, ही तक्रार जुनीच आहे. २०११ च्या अखेरीस गाय रिची यांचा ‘शेरलॉक होम्स : अ गेम ऑफ शॅडोज’ हा चित्रपट निघाला तेव्हा ती पुन्हा मोठ्याने ऐकू आली. २००९ च्या पहिल्या भागात निदान एक कोडे तरी होते. फाशी गेलेला लॉर्ड ब्लॅकवुड थडग्यातून उठून आला कसा? शेवटी त्याचा उलगडाही होतो. दुसऱ्या भागात खलपुरुष कोण हे शोधावयाचे राहतच नाही. प्रोफेसर मॉरिआर्टीचे नाव होम्सला आरंभापासून ठाऊक असते. मग उरतात ते स्ट्रासबुर्गचा स्फोट, धावत्या आगगाडीतील चकमक आणि जर्मन शस्त्रास्त्रांच्या कारखान्यातून निसटल्यावर तोफगोळ्यांच्या माऱ्यात रानातून केलेले पलायन.

तक्रार खोटी नाही. परंतु तिचा सारा रोख दिग्दर्शकावर असावा हे आम्हांस मान्य नाही. या चित्रपटाचा शेवट ज्या कथेवरून घेतला आहे, ती ‘द फायनल प्रॉब्लेम’ मुळात रहस्यकथा नव्हेच. १८९३ च्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकाने ती छापली. तीत चोरी कोणी केली, खून कोणी केला, असा प्रश्न कोठेच नाही. मॉरिआर्टी बेकर स्ट्रीटवर स्वतः येऊन धमकी देऊन जातो. त्याच दिवशी भरधाव गाडी होम्सच्या अंगावर येते, छपरावरून वीट पडते, आणि एक गुंड सोटा घेऊन धावतो. होम्स इटालियन पाद्र्याच्या वेषात व्हिक्टोरिया स्टेशन गाठतो; मॉरिआर्टी खास आगगाडी करून पाठीस लागतो. कँटरबरी, ब्रुसेल्स, स्ट्रासबुर्ग, जिनिव्हा अशी ती धावाधाव स्वित्झर्लंडातील रायखेनबाखच्या धबधब्यापाशी संपते. आरंभापासून अंतापर्यंत हा पाठलाग आहे. डॉयल यांस होम्सचा कंटाळा आला होता. ऐतिहासिक कादंबऱ्यांनी आपले नाव राहावे ही त्यांची इच्छा. नायकाला संपवावयाचे ठरल्यावर कोडे कशाला घालावयाचे?

पुढच्या मंडळींनी नेमकी हीच वाट धरली. विल्यम जिलेट यांनी १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर होम्स आणला तो मॉरिआर्टीसह, आणि विषारी वायूच्या कोठडीतील सुटकेसह. १९३९ मध्ये ‘बास्करव्हिल्स’चा बोलपट यशस्वी होताच त्याच वर्षी दुसरा निघाला, त्यातही मॉरिआर्टी, आणि शेवट टॉवर ऑफ लंडनवरील झटापटीत. १९४२ पासून तर होम्स नाझी हेरांच्या मागे लागला. पहिल्या भागात कोडे आणि दुसऱ्यात शत्रू, ही रीत रिचींनी काढलेली नव्हे.

होम्स मुष्टियुद्धात निपुण होता हेही खुद्द डॉयल यांचेच सांगणे. १९०३ मध्ये ‘द एम्प्टी हाऊस’ या कथेत त्याला पुनर्जन्म देताना कड्यावरील झुंजीत त्यांनी ‘बारित्सू’ नावाच्या जपानी विद्येचा आधार घेतला. बार्टन-राइट नामक इंग्रजाने आपल्या नावाचा तुकडा जोडून ‘बार्टित्सू’ हा प्रकार लंडनात रूढ केला होता, पण १८९१ मधील झुंजीनंतर कितीतरी वर्षांनी! ग्रंथकर्त्याने अक्षरही चुकविले आणि कालही. असो.

मग चित्रपटाने गमावले काय? आमच्या मते एकच वस्तू, पण ती फार मोलाची. डॉयल यांच्या कथेत धबधब्यावरील झुंज कोणीच पाहात नाही. वॉटसन खोट्या चिठ्ठीमुळे हॉटेलात परत गेलेला असतो. तो धावत येतो तेव्हा त्याला दिसतात ती कड्याशी टेकलेली काठी, सिगारेटची डबी, तिच्याखालची चिठ्ठी आणि ओल्या वाटेवर कड्याकडे गेलेल्या पावलांच्या दोन ओळी. परत आलेले पाऊल एकही नाही. होम्सचा मृत्यू वाचकाला सांगितला जात नाही. तो वॉटसनबरोबर मातीवरून वाचावा लागतो. सबंध कथेत डिटेक्टिव्हाचे काम आहे ते एवढेच, आणि ते आपण करतो. १९०३ चे पुनरागमनही त्याच ठशांतून निघाले. परतीची पावले उमटू नयेत म्हणून होम्स वाट सोडून कडा चढून गेला होता. पुरावा खरा होता, अनुमान तेवढे चुकले.

चित्रपटात वॉटसन दार उघडतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत होम्स मॉरिआर्टीला मिठी मारून सज्जावरून खाली झोकून देतो. तत्पूर्वी दोघेही ती झुंज मनातल्या मनात खेळून पाहतात आणि प्रेक्षकांसही दाखवितात. ही कल्पना चतुर आहे, हे कबूल केले पाहिजे. पण तीत तर्कशक्ती मुठीची चाकर होते. शिवाय सारे डोळ्यांनी दिसल्यावर वॉटसनला अनुमान करावयास काही उरत नाही, आणि होम्सला परत आणावयाचे तर पावलांऐवजी यंत्र शोधावे लागते. मायक्रॉफ्टच्या प्राणवायूच्या नळकांडीची ती योजना आहे. ती वस्तू प्रेक्षकांस आधी दाखविलेली असते. शेवटी ती वॉटसनच्या घरी पुडक्यातून येते, तेव्हा लक्ष देऊन पाहणाऱ्यास दोन तासांत प्रथमच स्वतः काही ओळखल्याचे सुख मिळते.