घरघर

मागील उन्हाळ्यात आमच्या हातून एक चूक झाली. जुन्नर तालुक्यातील एका शिक्षिकेने फार पूर्वी ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या कॅसेटी आम्ही संगणकावर उतरवून घेत होतो आणि पुन:पुन्हा ऐकून त्यांची संहिता सिद्ध करीत होतो. एका ओवीत आम्ही ‘माळ’ असा शब्द लिहिला. अर्थ लागत होता. लेक, माहेर आणि गळ्यातली माळ यांचे साहचर्य ओवीला नवे नाही. पुढे तीन आठवड्यांनी आमच्यापैकी एकीने तीच फीत स्वत:च्या घरी, रात्रीच्या शांततेत ऐकली. शब्द ‘नाळ’ होता. त्या एका अक्षराने सबंध ओवीचा अर्थ फिरला. दागिन्याविषयी बोलणारी वाटलेली ती बाई बाळंतपणाविषयी बोलत होती.

दोष फितीचा नव्हता, गाणाऱ्या बाईच्या जिभेचा तर नव्हताच. दोष आमच्या कोपराशी ठेवलेल्या संगणकातील तीन पंख्यांचा होता; आणि ते पंखे आम्हीच, पुष्कळ विचार करून निवडले होते.

आमची जागा साकीनाक्याला, एका औद्योगिक वसाहतीतील पहिल्या मजल्यावरचा गाळा आहे. अंधेरी-कुर्ला रस्त्याला जिथून साकीविहार रस्ता फुटून पवईकडे जातो तो हा नाका. त्या रस्त्याच्या वरच्या टोकाला लार्सन अँड टूब्रोचा अवाढव्य कारखाना आणि अलीकडे लेथ, डाय, साचे, प्लास्टिक, छपाई यांचे शेकडो लहान गाळे, असे या भागाचे रूप गेल्या शतकाच्या उत्तरार्धात घडत गेले. विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे. २०१४ च्या जूनपासून वर मेट्रोही धावते. साहित्याच्या कामासाठी अशी जागा का घेतली, या प्रश्नाचे उत्तर ‘भाडे’ या एका शब्दात देता येते. गाळ्यावर सिमेंटचे पत्रे आहेत. मे महिन्यात दुपारी दोन वाजता आतील हवा पस्तीस अंशांच्या पुढे जाते, आणि जुन्या मासिकांची पाने वाचून अक्षरे ओळखण्याचे व फितींवरील खरखर काढण्याचे काम संगणक दिवसरात्र करीत असतो. तो दोनदा तापून आपोआप बंद पडला, तेव्हा आम्ही पंख्यांच्या शोधात लॅमिंग्टन रोडवर गेलो. दुकानदाराने विचारले, गेमिंगसाठी हवेत का? ओव्यांसाठी हवेत, असे सांगण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही.

पंखा निवडणे हे वरकरणी सोपे काम आहे. डब्यावर दोन आकडे असतात: मिनिटाला किती घनफूट हवा, आणि किती डेसिबल आवाज. आम्ही पहिला आकडा सर्वांत मोठा असलेले पंखे घेतले. तो आकडा पंख्यापुढे काहीही अडथळा नसतानाचा असतो, हे नंतर कळले. पेटीची जाळी, तारांचे जुडगे आणि विशेषत: धुळीची गाळणी मध्ये आली की हवा पुष्कळच कमी होते. भरपूर वारा देणाऱ्या पंख्याची पाती विरळ असतात. मोकळ्यावर तो जोरात वाहतो, पण अडथळ्यातून हवा रेटण्याचा दाब त्याच्यात बेताचाच असतो. आमच्याखाली लेथ चालतो, पलीकडे ग्राइंडिंग. हवेत लोखंडाची बारीक कीस असते आणि ती विजेच्या मंडलावर बसणे घातक. म्हणून गाळणी काढता येत नाही. तात्पर्य, ज्या गुणासाठी पंखे घेतले तो गुण साकीनाक्याच्या धुळीने अर्ध्यावर आणला.

गणित मात्र आमच्या दुकानातल्या उत्साहाहून जुने आणि निष्ठुर आहे. साडेतीनशे वॅट उष्णता बाहेर काढणारा वारा मिनिटाला साठ घनफूट असेल, तर पेटीतून बाहेर पडणारी हवा आत शिरलेल्या हवेपेक्षा साधारण दहा अंशांनी गरम असते. वारा दुप्पट केला तर पाच अंशांनी. म्हणजे दुप्पट वाऱ्याने कमाई पाच अंशांची. आणि खोलीच्या तपमानाखाली तर कितीही वाऱ्याने जाता येत नाही. आता खर्च पाहा. एकाच पंख्याची गती दुप्पट केली की हवा दुप्पट होते, त्याला लागणारी शक्ती आठपट होते आणि आवाज सुमारे पंधरा डेसिबलने वाढतो. कानाला तो जवळजवळ तिप्पट वाटतो. त्याउलट तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर आवाज तीन डेसिबलनेच वाढतो. मोठे, अधिक आणि संथ पंखे घ्यावेत, हा निष्कर्ष कोणत्याही जाणत्या तंत्रज्ञाने आम्हांला पाच मिनिटांत दिला असता. आम्ही तीन वेगवान घेतले होते.

येथे थोडे मागे जायला हवे, कारण वारा कोणासाठी आणि त्याची किंमत कोणाच्या माथी, हा प्रश्न या शहरात संगणकाबरोबर आलेला नाही.

वसाहतकाळातल्या बंगल्यात आणि कचेरीत छताला टांगलेला झालरीचा पंखा दोरीने हलत असे. त्याचा आवाज जवळजवळ नसेच. मात्र दोरीच्या दुसऱ्या टोकाला, बहुधा व्हरांड्यात, एक माणूस बसलेला असे. आतल्या शांततेची किंमत त्याचे हात आणि त्याची झोप. विजेचा पंखा १८८० च्या दशकात अमेरिकेत निघाला. १९०३ साली उघडलेल्या ताजमहाल हॉटेलात तो होता, आणि पुढे तो हळूहळू मुंबईच्या घराघरांत शिरला. माणूस गेला, त्याच्या जागी घरघर आली. हा व्यवहार वाईट होता असे आम्ही मुळीच म्हणणार नाही.

गिरण्यांची गोष्ट निराळी. कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला स्थापन केलेल्या गिरणीपासून जे गिरणगाव वाढले, तेथील विणकाम खात्यात हवा दमट ठेवावी लागे, कारण कोरड्या हवेत सूत तुटते. म्हणून वारा आत येऊ द्यायचा नाही, उलट वाफ सोडायची. धाग्याला जे मानवते ते माणसाला मानवत नाही, आणि दोघांत धाग्याचा शब्द अखेरचा. वर मागांचा आवाज असा की शेजारच्याशी बोलायचे तर ओरडावे लागे. लँकेशायरमधील विणकर स्त्रियांनी तर अशा गोंगाटात ओठांच्या हालचालींची एक वेगळी बोलीच तयार केली होती आणि तिला नावही होते: मी-मॉइंग. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचा आवाज ओसरत गेला. कानांचे झालेले नुकसान मात्र कामगार घरी घेऊन गेले. गिरणीच्या भोंग्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. खात्यातल्या त्या अखंड नादाविषयी त्या मानाने कमी. बहुधा जो आवाज थांबतच नाही त्याचे वर्णन करायला सुरुवात कुठून करावी हेच कळत नाही.

गणकयंत्र मुंबईत आले तेव्हा धाग्याची जागा त्याने घेतली. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या यंत्रात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. १९६२ साली नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्याआधी १९४६ साली जगापुढे आलेल्या अमेरिकेतील एनिअॅकमध्ये अशा सुमारे १८,००० नलिका होत्या आणि त्याला दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज लागे. नलिका म्हणजे तापलेली तार. गणित हा तिचा जोडधंदा. तेव्हापासून गणना करणे म्हणजे प्रथम उष्णता बाहेर काढणे, हे सूत्र कायम आहे. साकीनाक्याच्या जवळच, मरोळला, १९७३ साली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी सीप्झ उभे राहिले. पुढे १९८४ च्या संगणक धोरणानंतर कचेऱ्यांतून आणि महाविद्यालयांतून यंत्रे दिसू लागली. आमच्यातील ज्येष्ठांना ती ‘संगणक कक्ष’ नावाची खोली चांगली आठवते: दाराबाहेर काढलेल्या चपलांचा ढीग, आत पडदे आणि वातानुकूलन. देवघराचे नियम यंत्राला लागू झाले होते. वर्गात घामाघूम झालेले आम्ही त्या थंडाव्यासाठीही तासाला जात असू, हे कबूल करायला आता हरकत नाही.

घरगुती संगणकाचा इतिहास पंख्याच्या दृष्टीने फारसा कोणी सांगत नाही. १९८१ च्या आयबीएमच्या यंत्रात एकच पंखा होता, तोही वीजपुरवठ्याच्या डब्यात. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये पंखा नव्हताच. टेबलावरच्या वस्तूने गुरगुरू नये असा स्टीव्ह जॉब्ज यांचा आग्रह होता. हा आग्रह सौंदर्यदृष्टीचा होता, पण त्याच आग्रहापायी १९८० चे अॅपल थ्री तापून बदनाम झाले होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १९९३ च्या पेंटियमपासून खुद्द प्रक्रियकाच्या डोक्यावर पंखा बसला. २००४ सालच्या पेंटियम ४ मध्ये उष्णता शंभर वॅटच्या वर गेली, आणि २०२२ साली आलेले चित्रांसाठीचे एक कार्ड एकट्यानेच साडेचारशे वॅट घेऊ लागले. ज्या मेजावर पूर्वी दौत होती तेथे आता एक लहानशी शेगडी आहे, आणि तिला अखंड वारा घालावा लागतो.

या इतिहासात एक गंमत आहे. गणकयंत्राची कल्पना ज्याने प्रथम एवढ्या तपशिलाने मांडली तो चार्ल्स बॅबेज लंडनच्या रस्त्यावरील बाजाच्या पेट्यांना विलक्षण वैतागलेला होता. १८६४ सालच्या आपल्या आत्मकथनात त्याने त्या उपद्रवावर एक प्रकरणच लिहिले आहे, आणि त्याच वर्षी रस्त्यावरील वादकांना आवर घालणारा कायदा तेथे झाला. आपल्या यंत्राच्या वंशजांपैकी प्रत्येक जण एकेक बाजा पोटात घेऊन जन्मेल, हे त्याला ठाऊक नव्हते.

कायद्याचा आम्हांला उपयोग नाही. आपल्याकडील २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम औद्योगिक विभागात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबलपर्यंत मुभा देतात. निवासी विभागात ५५ आणि ४५. आमच्या पंख्यांचा आवाज यांतील कोणत्याही मर्यादेच्या खाली आहे. खालचा लेथवाला आमच्याकडे तक्रार घेऊन आला असता तर त्याच्यावरच लोक हसले असते. नियम शेजाऱ्याच्या आवाजाचा विचार करतात. स्वत:च्या कामासाठी स्वत:च लावलेल्या आवाजाचा नाही.

पण तो मंद आवाज नेमका कुठे बसतो, ते पाहण्याजोगे आहे. सात पात्यांचा पंखा मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल तर पाती सेकंदाला २८० वेळा एकाच जागेवरून जातात आणि तेवढ्या हर्ट्झचा एक सूर उमटतो. स्त्रीच्या बोलण्याची पट्टी साधारण दोनशेच्या आसपास, आणि गाताना त्याहून वर. म आणि न उच्चारताना नाकातून जो गुंजारव निघतो तो अडीचशे-तीनशेच्या जवळपास. म्हणजे पंखा त्या गुंजारवातच आपला सूर मिसळतो. म आणि न यांतील भेद कळतो तो पुढच्या स्वरात शिरताना होणाऱ्या अगदी क्षणिक, वरच्या पट्टीतील हालचालीवरून. आणि तिच्यावर वाऱ्याची सूंसूं पसरलेली असते. पंखा शब्द पुसत नाही. दोन शब्दांमधली भिंत पुसतो, आणि मग कान आपल्या अपेक्षेतला शब्द निवडतो. आमच्या अपेक्षेत माळ होती. बंद हेडफोन लावूनही खालचा आवाज थोडा आत येतोच, आणि मे महिन्यात ते कानांवर चार तास ठेवणे ज्याने केले आहे त्यालाच कळेल.

त्यातही एक अडचण अशी की त्या फितींवर आधीच एक घरघर आहे. ती जात्याची. ओवीचा ताल तिनेच धरला आहे. ती काढून टाकली तर गाणे लंगडे होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्या संग्रहाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हे सांगायला नको. खरखर काढणारी आज्ञावली मात्र जाते आणि पंखा यांत भेद करीत नाही. तिच्या लेखी दोन्ही गोंगाटच. पहिल्या प्रयत्नात तिने जाते इतके स्वच्छ पुसले की बाई जणू रिकाम्या खोलीत उभी राहून गात होती. ती प्रत आम्ही टाकून दिली. मराठीने एकाच शब्दात जाते, चक्र आणि मरणाऱ्याचा श्वास असे तिन्ही ठेवले आहेत. तेव्हा भेद करण्याचे काम शेवटी ऐकणाऱ्याकडेच येते.

यंदा आम्ही मोठे पंखे घेतले: १४० मिलिमीटरचे चार, त्यांतील पुढचे तीन दाबासाठी घडविलेले. ते निम्म्या गतीने फिरतात, गाळण्या दर शनिवारी धुतो. पुढच्या तीनपैकी दोघांच्या गतीत किंचित फरक असल्याने कधी कधी त्यांचे सूर एकमेकांत मिसळून लाटेसारखे चढतात-उतरतात, आणि त्याची भणभण जुन्या एकसुरी आवाजाहून अधिक त्रास देते. गती जुळवून पाहिली; काही दिवस जुळते. जुन्या आवाजाची मात्र सवय झाली होती, हे खरे, आणि तीच अधिक भयावह होती. ‘माळ’ लिहिताना आम्हांला पंखे ऐकूच येत नव्हते.

संहिता तपासण्याची वेळ आता रात्री दहानंतरची ठेवली आहे. लेथ बंद होतो, ग्राइंडिंग थांबते. संगणकाचे काम थांबवून फीत जुन्याच टेपवर लावतो आणि छताचा पंखाही बंद करतो. दहा मिनिटांत कागदावर घामाचे ठिपके पडू लागतात. विमान आले की फीत थांबवायची, गेले की मागे घ्यायची. त्या जुन्नरच्या बाईच्या एकेचाळीस ओव्या अजून व्हायच्या आहेत.