वाळूची गादी (कुक्कुटपालन)

वाळूची गादी : कोंबड्यांच्या खुराड्यात किंवा त्याला लागून असलेल्या जाळीबंद आवारात जमिनीवर पसरलेला वाळूचा थर. लाकडाचा भुसा, भाताचे तूस, भुईमुगाची टरफले या नेहमीच्या अंथरुणांऐवजी तो वापरतात. अमेरिकेत परसात चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्यांमध्ये वाळूचे चाहते बरेच आहेत. महाराष्ट्रातल्या शेडमध्ये मात्र अजून तुसाचाच वापर होतो.

भुसा ओल शोषून धरतो. वाळू ती खाली निथरू देते. विष्ठेला कोरडे कण चिकटतात, ओलावा उडून जातो आणि तिचे घट्ट गोळे होतात. सकाळी दाताळे फिरवून ते चाळणीने उचलले की लहान आवार स्वच्छ. वरचा थर कोरडा राहिला की विष्ठेतून अमोनिया कमी सुटतो. रक्ती हगवण पसरवणाऱ्या परजीवींनाही वाढायला ओल लागते. पण रोजचा हात फिरला नाही तर हे सगळे फायदे संपतात, कारण वाळूत काहीच कुजून जिरत नाही.

अलाबामा राज्यातील ऑबर्न विद्यापीठात 1990च्या दशकात पाइनच्या भुशाशी तुलना करून पाहिली, तेव्हा वाळूवरचे ब्रॉयलर वजनात मागे पडले नाहीत.

कोंबडीला स्वतःला काय आवडते, हेही तपासले गेले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी वाळू, तूस, पाइनचा भुसा आणि कागद समोर ठेवले. धूळस्नानासाठी ब्रॉयलरनी वाळू निवडली (2004). कोंबडी आधी पायांनी खळगा करते, त्यात बसकण मारते, पंखांनी वाळू पिसांत उडवते, एका अंगावर लोळते आणि शेवटी उभी राहून सगळे झटकून टाकते. पिसांवरचे साचलेले जुने तेल त्यामुळे निघते.

वाळू भरडच हवी. गिलाव्याची बारीक वाळू ओली झाली की घट्ट बसते आणि कोरडी झाली की उडते. तिच्यातली सिलिकाची धूळ पक्ष्याला आणि पाळणाऱ्यालाही बाधक. समुद्रकाठची वाळू खारट, ती टाळावी. काळ्या मातीवर थेट टाकलेली वाळू पहिल्या पावसातच चिखलात मिसळते, म्हणून खाली मुरमाचा उतार हवा आणि कोकणात तर वर छप्परही. 10 × 10 फुटांच्या आवारात 6 इंच थर द्यायचा तर 50 घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास वाळू लागते. थंडीत ती गार पडते, त्यामुळे लहान पिलांसाठी आधी ऊब देऊन ती तापवून घ्यावी लागते.

मोठ्या शेडवाल्यांचा हिशेब वेगळा आहे. बॅच निघाल्यावर तुसासकट कोंबडखत विकले जाते. ती वरकड मिळकत असते. वाळू मिसळलेल्या खताला गिऱ्हाईक मिळणे अवघड, शिवाय ती उपसायला आणि वाहायला तुसाच्या कितीतरी पट जड. त्यामुळे वाळू परसातल्या कोंबड्यांपुरतीच परवडते. क्रशसँड घेतल्यास तिच्यातली भुकटी आधी धुऊन काढावी. नदीची वाळू गौण खनिजात मोडते. ती घेताना रॉयल्टीची पावती मागून जपून ठेवावी.