ॲनिमेशनपटांचे अपयश : एक ऐतिहासिक विवेचन

भरघोस भांडवल ओतून काढलेला ॲनिमेशनपट तिकीटबारीवर पडला, की त्याची कारणे सामान्यतः दोन ठिकाणी शोधली जातात : एक तर चित्रण विदेशी चित्रपटांच्या तोडीचे नव्हते, नाही तर कथेत दम नव्हता. ही कारणे सर्वस्वी निराधार नाहीत. तथापि मुंबईच्या चित्रव्यवसायाने काढलेल्या अशा चित्रपटांचा इतिहास क्रमाने पाहिला असता ती अपुरी ठरतात. २००८ सालच्या ‘रोडसाइड रोमिओ’ला आणि २०१२ सालच्या ‘दिल्ली सफारी’ला ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला, प्रेक्षकांचा आश्रय मात्र दोहोंनाही बेताचाच मिळाला. गुण असूनही अपयश का आले, हा खरा प्रश्न आहे.

या कलेचा महाराष्ट्रातील आरंभ अल्पखर्ची होता. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी रोपाच्या वाढीची एकेक चौकट टिपून एक लघुपट तयार केला, आणि तो दाखवूनच भांडवल देणाराचा विश्वास संपादन केला. पुढे १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ काढली. त्यात नट नव्हते, राजवाडे नव्हते. होत्या त्या काड्या आणि कर्त्याची चिकाटी.

स्वातंत्र्योत्तर काळात या कलेला राजाश्रय मिळाला. फिल्म्स डिव्हिजनने १९५६ साली मुंबईत व्यंगपट विभाग उघडला; डिस्नेच्या संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी येथील चित्रकारांना शिकविले, आणि १९५७ साली जातककथेवरील ‘द बनियन डिअर’ पूर्ण झाला. राम मोहन यांच्यासारखे कलावंत याच विभागात घडले. परंतु या आश्रयाचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला गेलेला नाही. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट मुख्य चित्रपटाआधी दाखविणे चित्रगृहांना बंधनकारक होते. त्यांना प्रेक्षक होता. पण त्यांच्यासाठी म्हणून तिकीट काढणारा प्रेक्षक नव्हता. विजया मुळे यांचा १९७४ सालचा ‘एक अनेक और एकता’ दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचला, तोही बोधपट म्हणूनच. दोन पिढ्यांच्या मनात असे समीकरण दृढ झाले, की हलती चित्रे म्हणजे मुलांसाठी आणि विनामूल्य. मराठी बोलीतील ‘कार्टून’ हा शब्दही याची साक्ष देतो : हास्यास्पद माणसाला आपण सहज ‘कार्टून’ म्हणतो. ज्या शब्दाला असा अर्थ चिकटला, त्या शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या कलाकृतीकडे प्रौढ प्रेक्षक गांभीर्याने वळणे अवघडच होते.

आता खर्चाची बाजू पाहावी. सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर दीड तासाच्या चित्रपटात १,२९,६०० चौकटी होतात. एकेक चित्र दोन चौकटींना पुरविले, तरी ६४,८०० चित्रे लागतात. संगणकाने हाताचे श्रम कमी केले, पण प्रत्येक पात्र, प्रकाश आणि पार्श्वभूमी घडविण्याचे काम उरलेच. शिवाय नटांच्या चित्रपटात जादा चित्रण करून संकलनाच्या वेळी निवड करता येते; येथे संकलन आराखड्यातच उरकावे लागते, कारण रेखाटलेले दृश्य टाकणे म्हणजे महिन्यांची मजुरी टाकणे होय. सारांश, चूक उशिरा कळते आणि दुरुस्ती महाग पडते.

अशा स्थितीत २००५ साली ‘हनुमान’ यशस्वी झाला आणि व्यवसायाने त्यातून उतावीळ निष्कर्ष काढला, की परिचित पौराणिक कथा हीच यशाची किल्ली आहे. त्याचे खंडन पुढील दशकानेच केले. ‘अर्जुन : द वॉरियर प्रिन्स’ (२०१२) आणि ‘महाभारत’ (२०१३) या दोहोंची कथा परिचित होती, दुसऱ्यात तर अमिताभ बच्चन यांच्यासारख्या नामांकित नटांचे आवाज होते आणि पात्रांचे चेहरेही त्यांच्याच वळणाचे होते. तरी दोन्ही पडले. आवाजासाठी दिलेल्या मोबदल्याने जाहिरात होते. प्रौढांच्या मनातील ते जुने समीकरण मात्र त्याने मोडत नाही. पनवेलसारख्या महानगराच्या वेशीवरील शहरातील कुटुंबालाही चौघांची तिकिटे काढताना, हे मुलांना घरी दूरचित्रवाणीवर फुकट दिसतेच, असा विचार सुचणे स्वाभाविक होते. आणि पहिल्या तीन दिवसांत गर्दी झाली नाही, की पडदा दुसऱ्या चित्रपटाकडे जाई.

या ठिकाणी तुलना उद्बोधक ठरते. डिस्नेचा ‘पिनोकिओ’ १९४० साली प्रथम तोट्यात गेला, कारण महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली होती. पुनःप्रदर्शनांनी मात्र पुढे त्याचा खर्च भरून काढला. चित्रातली पात्रे नटांप्रमाणे म्हातारी होत नाहीत; म्हणून हे भांडवल संथ असले तरी दीर्घायुषी असते. युगो साको, राम मोहन व कोइची सासाकी यांचा ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ (१९९२) भारतातील चित्रगृहांत त्या काळी मोठ्या प्रमाणावर पोहोचलाच नाही, दूरचित्रवाणीने त्याला लोकप्रिय केले आणि जानेवारी २०२५ मध्ये तो देशभर पडद्यावर आला. मधली तेहतीस वर्षे थांबण्याची ऐपत येथील निर्मात्यांपैकी किती जणांना होती?

त्याच वर्षी जुलैत प्रदर्शित झालेल्या ‘महावतार नरसिंह’ने या विवेचनाला पुष्टी दिली. त्यात नामांकित नटांच्या नावांचा आधार नव्हता आणि पहिल्या दिवसाचे उत्पन्नही माफक होते. परंतु पाहून आलेल्यांच्या शिफारशीने गर्दी वाढत गेली, चित्रगृहांनी पडदे राखले, आणि एकूण उत्पन्न ३०० कोटी रुपयांच्या घरात गेले. विशेष हे, की तो मुलांचा खेळ म्हणून नव्हे, तर सहकुटुंब पाहावयाचे भक्तिचरित्र म्हणून पाहिला गेला.

तात्पर्य, या चित्रपटांचे अपयश प्रामुख्याने चित्रकाराचे नव्हते. सावकाश फळणारी कला तीन दिवसांच्या बाजारात मांडली गेली, आणि ती ज्याच्यासमोर मांडली गेली, त्या प्रेक्षकाला अर्धशतक ती फुकट मिळण्याची सवय लावलेली होती. ‘भारतीय प्रेक्षकाला ॲनिमेशन रुचत नाही’ हा प्रत्येक अपयशानंतर दिला गेलेला निवाडा म्हणूनच चुकीचा होता. आणि त्याची किंमत विदेशी चित्रपटांची कामे करीत राहिलेल्या येथील कुशल चित्रकारांनी मोजली, स्वतःची गोष्ट स्वतः सांगण्याची संधी गमावून.