ब्रह्मांडाचे माप

विश्वाला शेवट आहे काय? आहे म्हणावे, तर त्या कुंपणापलीकडे काय, ही शंका उरतेच. नाही म्हणावे, तर ते कल्पनेच्या कवेत मावत नाही. या पेचात, श्रोतेहो, सह्याद्रीच्या परिसरातील एका गणितज्ञाची भूमिका आज आठवावीशी वाटते.

भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी रचला. त्यात आकाशकक्षेचे माप १,८७,१२,०६,९२० कोटी योजने दिले आहे. कोणी त्याला ब्रह्मांडाच्या कवचाचा परीघ म्हणत, कोणी लोकालोक पर्वताचा. कोणी ती सूर्यकिरणांची अखेरची सीमा मानीत. आचार्य या वादात निवाडा देत नाहीत. ब्रह्मांड एवढे असो वा नसो, एका कल्पात, म्हणजे ४३२ कोटी वर्षांत, ग्रह जितकी योजने चालतो तितके हे माप, एवढेच ते आपले मत म्हणून सांगतात. सर्व ग्रह समान वेगाने चालतात हे त्यामागील गृहीत पुढे टिकले नाही. परंतु मोजलेले आणि मानलेले यांत त्यांनी ओढलेली रेघ पुसली गेली नाही.

पुढे १९१७ साली आइन्स्टाइन यांनी या पेचातून एक निराळीच वाट दाखविली. चेंडूवर फिरणाऱ्या मुंगीला कडा कोठेच लागत नाही, तरी चेंडूचा पृष्ठभाग मोजका असतो; तसे विश्व मर्यादित असूनही सीमारहित असू शकेल! मात्र त्यांनी कल्पिलेले विश्व स्थिर होते, आणि १९२९ साली हबल यांच्या निरीक्षणांनी दीर्घिका परस्परांपासून दूर जात असल्याचे दाखविले. आज विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते, आणि प्रसरणामुळे दृश्य विश्वाची त्रिज्या सुमारे ४,६०० कोटी प्रकाशवर्षे भरते. पण ही आपल्या दृष्टीची सीमा आहे, विश्वाची नव्हे. अवकाश मोजमापांत जवळजवळ सपाट आढळते. म्हणून ते अनंत आहे, की अतिविशाल परंतु सान्त, याचा निर्णय त्यातून लागत नाही.

म्हणजे आकडे पालटले, तरी आपण आचार्यांच्याच उंबरठ्यावर उभे आहो. अनंताच्या कल्पनेने माणूस क्षुद्र ठरतो, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. आपले माप कोठे संपते हे ओळखणारी बुद्धी लहान कशी म्हणावी? ‘असो वा नसो’ असे म्हणून आचार्यांनी गणित थांबविले नाही. ते निर्भयपणे पुढे चालू ठेवले.