चालती गाडी बंद का पडते? बोरघाटापासून एडिनबरापर्यंतची एक हकीकत



मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हमखास निघणारा एक विषय म्हणजे जुनी गाडी. आणि जुन्या गाडीची हमखास तक्रार अशी: "चांगली चालत असते, मधेच बंद पडते. दहा मिनिटं थांबलो की सुरू होते. गॅरेजात नेली की तिथे एकदम शहाण्यासारखी वागते!" या एका तक्रारीच्या मागे बराच इतिहास आहे, आणि त्याचे एक टोक आपल्या बोरघाटात तर दुसरे या एडिनबरा शहरात आहे. तो माहीत नसल्यामुळे आमचे बरेच पैसे गेले, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९९१ चा नोव्हेंबर. पुण्याहून बाबा आले होते. त्यांना व मुलांना घेऊन आम्ही ए-७ रस्त्याने कार्लाइलकडे निघालो. सगळीकडे ओले धुके होते. थंडी होती, पण पाणी गोठण्याइतकी नव्हती. हॉइक गाव मागे पडले आणि गाडीने दोन-चार गचके दिले, खोकली आणि बंद पडली. मागून लॉरी येत होती. गाडी कशीबशी कडेला घेतली. बाबा खाली उतरले आणि म्हणाले, "पंपावर ओलं फडकं टाक." मी वैतागून म्हणालो, "बाबा, इथे माणसं गारठलीत, तुम्ही पंप कसला गार करताय?" ते गप्प बसले. दहा मिनिटांनी गाडी आपोआप सुरू झाली. पुढच्या दोन महिन्यांत एका गॅरेजने कॉइल बदलली, नंतर पेट्रोलचा पंप बदलला. बिले झाली, गाडी बंद पडतच राहिली.

बाबांचे ओले फडके ही काही भाबडी समजूत नव्हती. त्याचा उगम पाहायचा तर बोरघाटात जायला हवे. घाटातून चाकांच्या वाहनांना जाता येईल असा रस्ता १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी खुला केला. हे माल्कम मूळचे स्कॉटिश. आमची गाडी बंद पडली त्याच ए-७ रस्त्यावर पुढे लँगम गाव लागते, त्याच्या परिसरातला त्यांचा जन्म. तिथल्या डोंगरावर त्यांचा उंच स्मारकस्तंभ आजही उभा आहे.

त्या घाटात पुढे मोटारी आल्या. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडू लागल्या. १९६४ साली 'डिलाइट' आली, तीच १९७४ पासून 'पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, आणि मागच्या सीटवर चार जण व मांडीवर डबा! आपल्यापैकी किती जणांचे बालपण त्या सीटवर गेले असेल! मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीला ऑक्टोबर २०२३ अखेर निरोप दिला गेला, तेव्हा अनेकांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले.

मे महिन्यात खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना या गाड्या रांगेने कडेला उभ्या दिसत. कारण असे. पेट्रोलची टाकी मागे आणि पंप पुढे, तोही तापलेल्या इंजिनलाच जोडलेला. पंप टाकीतून पेट्रोल ओढून घेतो, त्यामुळे नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. पेट्रोलचा हलका अंश तर उन्हाळ्यातल्या साध्या उष्म्यानेही वाफ होऊ पाहतो. चढावर इंजिन जास्त तापते आणि वेग कमी म्हणून वारा लागत नाही. नळीत पेट्रोलऐवजी वाफेचे बुडबुडे होतात. पंप द्रव ढकलण्यासाठी केलेला, बुडबुडा नुसता दबतो आणि पुन्हा फुगतो. मेकॅनिक याला 'व्हेपर लॉक' म्हणत. ओले फडके टाकले की पंप गार होतो, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि गाडी चालू लागते. म्हणजे बाबांचे औषध अगदी शास्त्रशुद्ध होते. फक्त ते दुसऱ्या आजारावरचे होते.

मग नोव्हेंबरच्या धुक्यात आमच्या गाडीला काय होत होते? त्याचे उत्तर मोटारीचा जन्म होण्याआधी शंभराहून अधिक वर्षे याच शहरात छापले गेले होते. विल्यम कलेन या वैद्य व रसायनशास्त्रज्ञाचा 'द्रवांच्या बाष्पीभवनाने निर्माण होणारी थंडी' या विषयावरचा निबंध १७५६ साली एडिनबरातल्या एका विद्वत्सभेच्या संग्रहात प्रसिद्ध झाला. हवा काढून घेतलेल्या भांड्यात त्यांनी ईथर झपाट्याने उडवून दाखवले, तेव्हा भोवतालच्या पाण्याचे बर्फ झाले. बाहेर बर्फ नाही, तरी पाणी गोठले! त्यांचे शिष्य जोसेफ ब्लॅक यांनी याचे मर्म सांगितले: द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. ब्लॅक १७६६ पासून एडिनबरा विद्यापीठात प्राध्यापक होते. ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे. अंगाला स्पिरिट लावले की गार वाटते, माठातले पाणी थंड होते, ते याच नियमाने.

कार्बुरेटर म्हणजे हाच प्रयोग दर क्षणाला करणारे यंत्र. अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, पेट्रोलचा फवारा ओढते, त्याची वाफ होते आणि गळ्याचे तापमान वीस अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही अधिक उतरू शकते. बाहेर पाच-सहा अंश आणि दमट धुके असले, तर त्या हवेतले बाष्प गळ्यात गोठते. बर्फ धरत जाते, हवेची वाट बंद होते, इंजिन गुदमरते. गाडी थांबली की इंजिनची ऊब वर चढते, बर्फ वितळते, आणि दहा मिनिटांत पुरावा नाहीसा! कडाक्याच्या कोरड्या थंडीत हे कमी होते, कारण त्या हवेत गोठायला पाणीच फारसे नसते. समुद्रावरून येणारे 'हार' नावाचे आपल्याकडचे धुके मात्र या आजाराला अगदी पोषक.

म्हणजे पाहा, लक्षण एकच: गाडी बंद पडते व थांबल्यावर सुरू होते. बोरघाटात कारण उष्णता, एडिनबरात कारण थंडी. दोन्ही ठिकाणी गॅरेजात पोचेपर्यंत रोग पळालेला.

मोठमोठ्या कारखान्यांनाही याने चकवले आहे. १९५९ साली आलेली ॲलेक इसिगोनिस यांची 'मिनी' घ्या. सुरुवातीच्या नमुन्यात कार्बुरेटर पुढच्या बाजूला होता. नंतर सगळे इंजिन उलटे फिरवून तो मागे नेला. त्याचे एक कारण असे सांगितले जाते, की पुढून येणाऱ्या गार वाऱ्यात कार्बुरेटरमध्ये बर्फ धरत होते. पण इंजिन फिरवल्याने डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना वीज वाटून देणारा भाग, जाळीच्या मागे तोंडावर आला. जोराच्या पावसात त्यावर पाणी उडे आणि गाडी बंद पडे! एका आजारावरचे औषध दुसऱ्या आजाराचे कारण ठरले.

विजेच्या आजाराची जात वेगळी. कॉइल व पॉइंटची ठिणगी देणारी पद्धत अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास आणली आणि ती साठ-सत्तर वर्षे चालली. कॉइलच्या आतली तार गरम झाल्यावर दगा देऊ लागली, की गाडी तापल्यावर बंद आणि निवल्यावर सुरू. म्हणजे पुन्हा तेच सोंग! पण लक्ष देणाऱ्याला फरक कळतो. पेट्रोल किंवा हवा कमी पडली तर गाडी आधी गचके देते, खोकते, मग मरते. वीज गेली तर दिव्याचे बटण बंद केल्यासारखी एकदम गप्प होते. आणि टाकीच्या झाकणातून हवा आत जात नसेल, तर झाकण उघडताच 'फुस्स' आवाज येतो आणि गाडी चालू लागते. हा इलाज तर फुकटातला.

१९९३ च्या सुरुवातीपासून इथे नव्या पेट्रोल गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला आणि कार्बुरेटर मागे पडून इंजेक्शन आले. पंप बहुधा टाकीतच बसला, दाब वाढला, त्यामुळे वाफेचा व बर्फाचा त्रास जवळजवळ संपला. पण आजारी पडायला नवे अवयव आले. इंजिन किती फिरले हे सांगणारा क्रँकचा सेन्सर गरम झाल्यावर दगा देतो आणि गाडी एकदम बंद पडते. थोडी निवली की सुरू. जुन्या कॉइलचाच हा नातू! २००१ नंतरच्या पेट्रोल गाड्यांत संगणक बिघाडाची खूण नोंदवून ठेवतो, म्हणून भाग बदलण्याआधी ती वाचून घ्यायला सांगावे. मात्र दरवेळी नोंद होईलच असे नाही.

हे सारे आज सांगण्याचे कारण असे, की १ जून २०२४ पासून एडिनबराच्या मध्यभागी धूर-नियंत्रणाचा नियम लागू आहे. पेट्रोलच्या साधारण २००६ पूर्वीच्या गाड्यांना तिथे बंदी, पण तीस वर्षांवरच्या, जपून मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांना सूट. त्यामुळे काही घरांत वडिलांची जुनी गाडी मोडीत काढायची की ठेवायची, हा प्रश्न खरोखर उभा आहे. त्यात सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या खराब करते. इतक्या प्रमाणात मिसळल्यावर पेट्रोल लवकर वाफाळते, आणि वाफ होताना थंडीही जास्त करते. म्हणजे बोरघाटाचा आणि एडिनबराचा, दोन्ही आजारांना निमंत्रण! कार्बुरेटरच्या गाडीत कमी इथेनॉलचे महाग पेट्रोल घालावे आणि नळ्या बदलून घ्याव्यात. नुसती 'बंद पडते' म्हणून गाडी मोडीत देऊ नये.

गाडीत एक छोटी वही ठेवावी आणि बंद पडली की लगेच लिहावे: हवा कशी होती, किती मैल चालली होती, चढ होता की सपाट, पेट्रोल किती होते, गचके दिले की एकदम गेली, किती मिनिटांनी सुरू झाली. अशा तीन-चार नोंदी मेकॅनिकला दाखवल्या, तर अंदाजाने भाग बदलण्याची वेळ सहसा येत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. चालती गाडी बंद पडली तर घाबरू नये. क्लच दाबावा, धोक्याचे दिवे लावावे, डावीकडे घ्यावी. स्टिअरिंग जड होईल, ब्रेक एक-दोन दाबांनंतर कडक होईल, तेव्हा उगाच पंप करत बसू नये. गाडी थांबेपर्यंत किल्ली बाहेर काढू नये, नाहीतर स्टिअरिंगला कुलूप बसते. मोठ्या रस्त्यावर सर्वांनी डाव्या दाराने उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे. पेट्रोलचा वास येत असेल तर बॉनेटखाली हात घालू नये.

आमच्या गाडीचे पुढे काय झाले? दोन महिन्यांनी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने बॉनेट उघडण्याआधीच विचारले, "धुकं होतं का? किती वेळानं सुरू झाली?" मग त्याने दाखवले, की एक्झॉस्टजवळची गरम हवा एअर क्लीनरपर्यंत नेणारी पातळ नळीच निखळून पडली होती. हिवाळ्यात कार्बुरेटरला ऊब मिळावी म्हणूनच ती असते. चार-पाच पौंडांची नळी बसवली आणि गाडी पुन्हा तशी कधी बंद पडली नाही.

मी पुण्याला फोन करून बाबांना सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे फडकं ओलं नाही, गरम टाकायला हवं होतं!" मग थोडं थांबून म्हणाले, "मी त्या दिवशी पुढे विचारणारच होतो, की याआधी कुठे-कुठे बंद पडली होती म्हणून. पण तू चिडलेला होतास."

उपाय त्यांचा चुकला होता, पण प्रश्न बरोबर होता. तो मी विचारू दिला असता, तर कॉइल आणि पंपाचे पैसे वाचले असते, आणि गारठ्यात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला मी गप्प बसवले नसते.