भाऊसाहेबांचा तोतया व लोकांची जिज्ञासा

सन १७७६ त सदाशिवरावभाऊंच्या तोतयानें कोंकणांत जें बंड माजविलें, त्याची हकीकत वाचकांस विदितच आहे. रत्नागिरीचे मामलेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीं त्यास कैदेंतून सोडविलें, किल्ले त्याच्या हातीं गेले. पुढें महादजी शिंद्यांपुढें पराभव, मुंबईकडे पलायन, राघोजी आंग्र्यांकडून अटक व पुण्यास देहदंड. आमचा प्रश्न निराळा आहे. एका कनोजी ब्राह्मणास इतक्या माणसांनीं भाऊसाहेब कां मानावें?

लोक भोळे, असें म्हणून मोकळें होतां येतें. परंतु तें आम्हांस पटत नाहीं. ता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर भाऊ ऐन गर्दींत शिरले. पुढें त्यांचें काय झालें, हें सामान्य माणसास खात्रीनें कोण सांगणार? भाऊंचें धड व शिर निरनिराळीं सांपडून त्यांची ओळख पटल्याची हकीकत शुजाउद्दौल्याच्या पदरच्या काशिराजानें दिली आहे. पण ती फारसींत, आणि लिहिली गेली ती तोतया मेल्यानंतर! पुण्याच्या पेठेंतील माणसास तिचा काय उपयोग? शिवाय खुद्द पार्वतीबाईंनीं सौभाग्यचिन्हें उतरविलीं नव्हतीं. तेव्हां 'भाऊ कोठें आहेत?' ही पृच्छा मूर्खपणाची नव्हे. ती रास्तच होती.

बिघाड झाला तो उत्तर स्वीकारण्यांत. माधवरावांच्या कारकीर्दींतच हा इसम तोतया ठरून कैदेंत पडला होता. तेवढ्यानें संशय मिटावा, तर कैद हीच संशयाचें खाद्य झाली असावी: खोटा, तर जिवंत कां ठेविला? त्यांत १७७३ त नारायणरावांचा गारद्यांनीं खून केला, तो वाड्यांतच. घरांतलेंच कारस्थान एकदां खरें ठरल्यावर दुसरेंही खरें वाटणें स्वाभाविक होतें. खरे भाऊ परत आले, तर कारभार्‍यांची सत्ता जाणार, हा तर्कही सुचण्याजोगाच. मात्र नाना फडणीस स्वतः पानिपतांतून वांचून आलेले. त्यांस भाऊंची पारख नव्हती काय, हा पुढचा प्रश्न फारसा कोणीं विचारला नाहीं. ज्यास प्रत्येक नकार पुरावाच वाटतो, त्याची जिज्ञासा तेथेंच संपते. (आम्हां संशोधकांसही हा रोग जडतो, एखादा कागद मनाजोगता निघाला कीं दुसरा दप्तरांत शोधण्याचा आळस येतो.)

डिसेंबर १७७६ त तोतया मारला गेला. पार्वतीबाई त्यानंतर सात वर्षें जगल्या. १७८३ त त्या वारल्या, तोंपर्यंत त्यांनीं कुंकू पुसलें नाहीं.